रंगाची जाडी

वारा सुटला की आमच्या गावात
चौकाचौकांत दोरखंड बांधतात, माणसांनी धरून चालावं म्हणून.
पुंता अरेनासमध्ये दार उघडणं
हे हाताचं नाही, खांद्याचं काम.
विद्यापीठाच्या नाट्यविभागात मात्र
मी केलेलं दार एका बोटानं उघडतं.
लेंगाचं लाकूड, तीन पितळी बिजागऱ्या,
अलीकडे पलीकडे भिंत नाही, मागे घर नाही.
पैसे एका दाराचे. हंगामात नाटकं चार.

एप्रिलमध्ये ते हिरवं होतं.
जकात कचेरीचं दार. त्यातून
एकोणीस वर्षांचा यर्को सेकुल
सत्तरीचा होऊन यायचा,
केसांना पावडर, गुडघे मात्र फुटबॉलचे.
मी विंगेतून म्हटलं, बाबा रे, म्हातारी माणसं
आधी मूठ धरतात, मग उंबरा बघतात.
दुसऱ्या दिवशी त्यानं तसं केलं.
तिसऱ्या दिवशी माझीच चाल त्याच्या अंगात दिसली
आणि मला कळलं,
माझा उजवा पाय जरा उशिरा येतो.

जूनमध्ये उजाडायला दहा वाजतात.
निळा रंग वाळता वाळेना.
हीटर एकच, तोही कपडेपटात.
नाटक लोकर कातरणाऱ्या दोन बहिणींचं,
लिहिलेलं तिसऱ्या वर्षाच्या यानिरा ओयार्सोनं.
धाकटी तीच.
पहिला प्रयोग. तिसरी घंटा.
प्रेक्षक एकतीस, त्यातले नऊ आमचेच.
शेवटच्या प्रवेशात तिनं दार ढकललं
आणि ते हललं नाही.
ओला निळा चौकटीला धरून बसला होता.
चूक माझी. विंगेत मी,
हातात पटाशी, पायांत त्राण नाही.

दोन पावलं डावीकडे सरकली असती
तर वळसा घालून आत आली असती.
भिंत नव्हतीच. एकतीस जणांना दिसत होतं, भिंत नाही.
तिनं कपाळ दाराला टेकलं
आणि बहिणीला सांगायचं ते सगळं
बाहेरूनच सांगितलं, लाकडाला.
आत कातालिना मिठीसाठी हात पसरून उभी.
ते हात तिनं खाली घेतले,
इतके सावकाश, की मला वाटलं
हिला कुणीतरी हे आयुष्यात आधी शिकवलंय.
कुणी खोकलं नाही.

पडद्यानंतर सोलेदादबाई आल्या.
"हे कधी ठरलं?"
"आत्ता," यानिरा म्हणाली,
आणि कोपऱ्यात जाऊन भडाभडा ओकली.

पुढचे पाच प्रयोग
मी दाराला आतून खिळा मारायचो, रात्री उपटायचो.
लोक रडले. वर्तमानपत्रात चार ओळी आल्या.
पण खरं सांगू? पहिल्या रात्रीसारखं झालं नाही.
खिळ्याला माहीत होतं.

सप्टेंबरचं नाटक पडलं. दार पिवळं होतं, एवढंच.

नोव्हेंबरात पहिल्या वर्षाची पोरं म्हणाली,
आम्हाला दार नको, रिकामा मंच हवा.
बरं म्हटलं. मग मध्येच त्यांना टेबल लागलं.
दार आडवं टाकलं, खाली दोन पिंपं,
आणि त्यावर रोज खरं सूप सांडलं.

डिसेंबरात रंग खरवडायला बसलो.
सूप, पिवळा, निळा, हिरवा.
पापुद्रा नखाएवढा जाड,
आख्खं वर्ष त्यात.
यानिरा निरोप घ्यायला आली.
सान्तियागोत कसल्याशा दुकानात नोकरी लागलीय म्हणाली,
नाटकाचं बघू.
निळ्याचा एक कपचा उचलला,
उजेडाला धरला, खिशात टाकला.
मी म्हटलं, दुसऱ्या बाजूला पिवळा चिकटलाय.
"असू दे."

वर्कशॉपचं दार वाऱ्यानं दाबून धरलं होतं.
खरं दार, भिंतीसकट.
तिनं खांदा लावला.
मी उठलो नाही.
दुसऱ्या धक्क्याला ते उघडलं
आणि झाडून ठेवलेला सगळा भुसा
परत खोलीभर झाला.