मायना

साडेतीन गावांची जहागीर; त्यातलं अर्धं
पांझरेनं कधीच नेलं, कागदावर तेवढं शिल्लक.
पण मायन्यांची वही पाहाल तर एखाद्या संस्थानची.
आजोबांचं अक्षर. एक कोपरा वाळवीचा.

कुणाला तीर्थरूप मातुश्री, कुणाला वहिनीसाहेब,
दुसऱ्या घरोब्याच्या बाईला नुसतं बाई,
साहेब लावायचं की नाही
हे सरकारांच्या त्या दिवशीच्या मर्जीवर.
राजसबाईसाहेबांच्या नावामागं मी बारा वर्षं लिहीत होतो
वज्रचूडेमंडित सकलसौभाग्यसंपन्न.
एवढं लांब, की बोरू मध्येच एकदा बुडवावा लागे.
चेहरा कधी पाहिला नव्हता.
पडद्यामागून बांगड्या ऐकू यायच्या, तेवढ्याच.

सरकार गेले. चौदाव्या दिवशी धुळ्याच्या कचेरीला अर्ज.
वहीचं पान उलटलं, लिहिलं,
रिवाजाप्रमाणं वाचून दाखवलं:
गंगाभागीरथी राजसबाईसाहेब...
"थांबा."
पडद्यामागं आता काहीच वाजत नव्हतं.
"गंगा मी पाहिलेली नाही, चिटणीस.
पांझरा पाहिलीय. तसं लिहा."

असा मायना वहीत नाही, म्हणालो.
"मग वहीत घाला."
ठगूबाई दासी तोंडाला पदर लावून हसली.

त्याच रात्री फडावर पाण्याची पाळी.
झिपरू पाटकरी कंदील घेऊन दारोदार.
त्याच्या हिशेबात ना साहेब, ना संपन्न;
शेत कुठलं आणि पाणी किती घटका.
गढीच्या मागल्या दाराशी येऊन त्यानं हाक दिली:
"ऊठ वं माय, पानी उनं!"
आणि आतून लगेच,
झोपेचा मागमूस नसलेल्या आवाजात,
"उनू रे भाऊ, उनू."

बाईसाहेब अहिराणी बोलतात
हे मला बारा वर्षांत ठाऊक नव्हतं.

अर्जाचं काय झालं, तेही सांगतो.
त्यांच्यासमोर मी पांझरा लिहिली.
रात्री एकट्यानं पान बदललं,
पुन्हा गंगाभागीरथी केलं. शिक्का माझ्याकडंच असायचा.
कचेरीनं अर्ज परत धाडला असता,
माझी भाकरी गेली असती,
कारणं तेव्हाही पुष्कळ होती.
ओल्या शाईवर वाळू टाकली.
वाळू पांझरेचीच होती, दुसरी कुठून आणणार?

बाईसाहेबांना मोडी वाचता येत होतं
हे ठगूबाईनं सांगितलं, फार पुढं, त्या गेल्यावर.
अर्जाची नक्कल त्यांनी पाहिली होती.
काय म्हणाल्या, विचारलं.
"काही नाही. अक्षर चांगलंय, म्हणाल्या."