पोरकं पान

नोव्हेंबरात टार्टूत चारलाच अंधारतं.
विर्वे दिवा लावत नाही, पडद्याचा उजेड पुरतो.
फेरीबोटींच्या तिकीटयंत्रणेची माहितीपुस्तिका:
सहाशे बारा पानं,
आणि अनुक्रमणिका अशी, की माणूस 'सुरुवात'वर टिचकी मारतो
नि थेट 'परिशिष्ट क'मध्ये जाऊन पडतो.

ती पानं उचलते, दुसरीकडे ठेवते.
'छपाई'खाली छपाई. 'परतावा'खाली परतावा.
'त्रुटी ४१' तीन ठिकाणी, तिन्हीकडे उपाय वेगळा;
दोन ती खोडते. तिसराही तिला फारसा पटत नाही.

मग एक पान, ज्याच्याकडे एकही दुवा येत नाही.
शीर्षकसुद्धा नाही. युलो रानिकनं लिहिलेलं;
तो केव्हाच निवृत्त झाला, आता मधमाश्या पाळतो.
"गारठ्यानं छापयंत्र अडलं तर झाकण उघडून फुंकर मारा.
तरी हललं नाही तर मला फोन करा. कितीही वाजता."

पुसून टाकायला बोट टेकलंच होतं.
सवयीनं तिनं भेटींचा आकडा पाहिला:
वीर्त्सूच्या धक्क्यावरून,
पहाटे पाचच्या आत, गेल्या आठवड्यात चारदा.
शोधून सापडणारं पान नाही हे.
कुणीतरी पत्ता पाठ केलाय,
किंवा कागदावर लिहून
चिकटवलाय तिकीटखिडकीच्या काचेला, आतून.

कुठल्या मथळ्याखाली ठेवायचं?
'दुरुस्ती'त बसत नाही. 'संपर्क'मध्ये हसतील.
पत्ता तिनं होता तसाच राहू दिला.
फक्त फोन नंबर बदलला,
आणि रात्री, नवऱ्याला काही न सांगता,
आपल्या फोनचा आवाज चालू ठेवून झोपली.