यादीबाहेर

पेस्ट शंभर मिलीच्या आत. साबण अर्धा कापून.
खोबरेल छोट्या बाटलीत, वर दोन पिशव्या,
दोन्हींना गाठी.
शर्वाणीने फोनवर यादी सांगितली,
मी कॅलेंडरच्या मागे लिहून घेतली.

झारी यादीत नव्हती.
अबोलीला पाणी घालायची, हिरवी, प्लास्टिकची.
तिकडे म्हणे सगळा कागदाचा कारभार.
टॉवेलात गुंडाळली, चोरीच्या मालासारखी.

अस्नोड्याची कार्मेलीन
वीस वर्षं लिस्बनला घरकाम करून आलेली.
तिने मुठीत सहा नाणी दिली:
"हीं संडासाचीं. दुसऱ्या कशाक मोडूं नाका गो."
नाणं टाकलं की दार उघडतं, म्हणाली,
आणि बाहेरून कोणी कडी वाजवत नाही.

मी बासष्ट वर्षांची.
म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात
आईशेजारी हरमलच्या मिरच्या घेऊन बसायचे.
पहाटेपासून पाणी नाही,
म्हणजे दुपारी प्रश्न नाही.
पुढे लग्नांना, बाराव्यांना, बांबोळीच्या इस्पितळात
हेच माझं सामान: कोरडा घसा.
वजनकाट्यावर ते कधी चढलं नाही.

मोपाच्या विमानतळावर यंत्राने झारी पकडली.
गणवेशातल्या पोरीने ती हातात फिरवली,
"झाडांना?"
मी हो म्हटलं. ती गालात हसली, परत ठेवली.
पण पाण्याची बाटली आत जाणार नाही, मावशी.
ओता, नाहीतर प्या.

रांगेतून बाजूला झाले.
लिटरभर होतं.
उभ्याउभ्या सगळं प्यायले,
प्रवासाच्या आधी.