थोडी गंजलीय

उद्यमबागेत, फौंड्रीच्या भिंतीला लागून
उभी होती टेम्पो ट्रॅव्हलर.
आत दोन बर्थ, एक सिंक, एक शेगडी.
दस्तगीर मिस्त्री खाली शिरला, नुसते पाय बाहेर.
"गंजलीय की ओ. थोडी."
थोडी म्हणजे किती, ते नाही बोलला.

मालननं गादी उलटून बघितली,
नळ सोडला:
आधी खोकला, मग तांबडं पाणी.
कपाटाच्या दाराआत पेन्सिलीच्या रेघा,
कन्नडमध्ये एकच नाव, चारदा,
दर खेपेला दोन बोटं वर.

इराप्पांनी किल्ली हातात दिली,
लगेच सोडली नाही.
"सावकाश," म्हणाले.
दोन्ही भाषांत तोच शब्द.

पहिली रात्र आम्ही अनगोळच्या आमच्याच गल्लीत झोपलो,
घराला कुलूप लावून.
सकाळी दूधवाला
कुठलं दार वाजवावं म्हणून
मधेच उभा.