घट्ट चहा

गॉलवेच्या वर्गात पहिल्या दिवशी मी
पुस्तक उघडू देत नाही.
चहात पावडर ढवळा, म्हणते,
खळीसारखा होईस्तोवर.
आता एकमेकांना भरवा.

ग्रॉन्या हसते. मग हसत नाही.
चमचा दुसऱ्याच्या हातात असला
की तोंड कधी उघडायचं, हेच कळेनासं होतं.

चार वर्षं शिकलात हरवलेला शब्द परत आणायला.
फेस्टी कनीलीचे शब्द परतायचे नाहीत.
मेंढपाळ. खिडकीपलीकडे अटलांटिक.
फाइलवर लाल शाईत : तोंडाने काही देऊ नये.

परवा ग्रॉन्या अर्धा तास त्याच्यापाशी बसली,
अक्षरांचा तक्ता मांडीवर पालथा.
त्यानं ओठांचा चंबू केला.
पाणी? नाही. मुलगी? नाही.
तिनं स्पंजची काडी काळ्या बिअरमध्ये बुडवून
ओठांवरून फिरवली
(डॉक्टरांना विचारून; मी खात्री केली).

पुन्हा चंबू.
मग नुसता वारा आला
दातांच्या फटीतून, सूर नसलेला,
आणि पलंगाखालची म्हातारी कुत्री
कान टवकारून उठली.

‘प्रगती’च्या रकान्यात काय लिहू,
ग्रॉन्या विचारते.
मी अजून उत्तर दिलेलं नाही.