तहकूब

मी कोतवाल. सरकारचं शेवटचं बोट.
वर मंत्रालय, मंग कलेक्टर, तहसीलदार, मंडळ अधिकारी, तलाठी,
आन् सगळ्याईच्या खाली
डफड्यावर पडते ते माही टिपरी.

एकतीस वर्षं झाली.
पोलिओचा डोस, पीकपाहणी, पिसाळलेलं कुत्रं,
गावात जे जे सरकार आलं ते माह्या तोंडातून आलं.
लहान लेकराईले वाटे, सरकारचा आवाज घोगराच असते.

यंदा कार्तिकात ग्रामसेवक म्हणाले,
"रायभान, दवंडी देजो. मंगळवारी दे, दुपारची,
चावडीपासून मारुतीपर्यंत बस झालं."
मंगळवारी बाजार. बाया कापसात.
आमचा टोला मारुतीच्या पुढं, नाल्याच्या तिकडं.
"आन् जरा हळू," म्हणाले, "डोकं दुखते माहं."

डफडं शेकल्याबिगर वाजत नाही.
चामडं थंड असलं का ते बोलत नाही, खोकते.
मी शेकलं नाही.
हे मले कोणं सांगतलं नव्हतं.
हे माहंच.

सभेले अकरा जण.
सरपंचबाई नव्हत्या, त्याईच्या खुर्चीवर त्याईचा नवरा होता.
साहेबानं घड्याळ पाह्यलं, लिहिलं :
गणपूर्तीअभावी सभा तहकूब.
आन् रजिस्टर मिटता मिटता,
चहावाल्या पोराशी बोलावं तसं, बोलले :
तहकूब सभेले गणपूर्ती लागत नाही.

ते वाक्य मी घरी आणलं.
जेवताना ताटाच्या बाजूले ठेवलं.
लोक येऊ नये म्हणून एक सभा,
लोक लागतच नाही म्हणून दुसरी,
आन् दोहीच्या मंधात अठरा हेक्टर ई-क्लास.
तिथं बकऱ्या चरतात. सीताफळं हायेत.
आमच्या टोल्याचं मसन हाय, माही माय हाय.
कंपनी तिथं दगड फोडणार.
कागदावर जमीन पडीत हाय.
मंग माही माय बी पडीत हाय म्हणा.

कायद्यानं गरिबासाठी दार ठेवलं, हे खरं.
फक्त दार कुठं हाय ते सांगाची नोकरी
माह्यासारख्याले देल्ली
आन् मानधन त्याच्याच हाती ठेवलं
ज्याले दार लोटून घ्यायचं हाय.

शुक्रवारी तहकूब सभा. दवंडीचा हुकूम नव्हता.
मी पहाटे चारले उठलो, पऱ्हाट्या पेटवल्या.
डफडं जाळावर फिरवलं, अंगाले लावलं,
पुन्हा फिरवलं.
नखानं टिचकी मारली. कुत्रे उठले.
वेचाईचा टेम्पो निघाच्या आत
टोला, गोंडपुरा, बौद्धपुरा, पारध्याईचे पाल,
जिथं एकतीस वर्षांत माही टिपरी गेली नव्हती तिथं बी :
ऐका हो ऐका,
आज सभा हाय,
जो येईन तो मोजल्या जाणार नाही,
तरी या.

दोनशे सव्वीस. मी मोजले.
साहेब म्हणाले, गणपूर्तीची गरज नाही.
पंचफुला उईके म्हणाली, आमाले बी नाही. आमी बसतो.
बसल्या. लेकरं पाजत, पदरातली सरकी निवडत.
कोणी घोषणा देल्ली नाही. कोणी हात वर केला नाही.
साहेबाचा पेन "सर्वानुमते"च्या "स"वर गेला,
थांबला, पुन्हा गेला.
मंग ऊन अंगावर आलं.
मंग साहेबाले तालुक्याले काम निघालं.
सभा पुन्हा तहकूब.
जमीन कोणाची, हे अजून लिहिल्या गेलं नाही.

सोमवारी मले कागद :
विनाआदेश दवंडी का दिली, तीन दिवसांत लेखी खुलासा सादर करावा.
नात बारावीले हाय, अक्षर चांगलं तिचं.
तिले म्हटलं, लिही.
मा. तहसीलदार साहेब,
थंडी होती. चामडं शेकलं.
शेकलं का ते वाजते.