खोली सातची घंटी

तक्रार निनावी, दोन ओळींची:
बाथरूमची दांडी हलते. घंटी मुकी आहे.
खाली पट्टी धरून ओढलेली रेघ.

भुसावळ, एप्रिल, दुपारचे अडीच.
व्यवस्थापक फेगडे केळीचे वेफर्स पुढे करतात,
‘म्हातारी माणसं, मॅडम. बोलायला काहीतरी लागतं.’
दांडीचा रंग ताजा. माझ्या बोटांना लागला.

मी बटण दाबलं. पुन्हा दाबलं.
कूलर तेवढा घरघरत राहिला.
‘कालच बिघडली,’ फेगडे म्हणाले.
खाटेवरून द्वारकाबाई, छताकडे बघत:
‘दिवायीपासून कालच चालू हाये, माय.’

मग रात्री?
तिनं उशाखालून चमचा काढला,
खाटेच्या लोखंडावर तीनदा मारला.
भिंतीपलीकडून तीन. त्याच्याही पलीकडून तीन.
आणि कोपऱ्यातल्या खोलीतून काठी टेकत आले
वायकोळे, रेल्वेचे जुने की-मॅन,
जन्मभर रुळावर हातोडी मारून
नुसत्या आवाजावरून सैल चावी ओळखणारे.
दांडीवर त्यांनी काठी वाजवली.
‘ऐका. पोकय.’

फॉर्ममध्ये रकाना होता: दुर्घटना घडली आहे काय?
‘नाही लिहा,’ फेगडे म्हणाले.
शेजारची खाट रिकामी, गादी गुंडाळलेली,
खाली चपलांचा जोड, अंगठा झिजलेला.
‘त्या वयानं गेल्या.’

वायकोळ्यांनी गाडीची वेळ सांगावी तसं सांगितलं:
सुभद्राबाई नेहेते, पहाटे तीन चाळीस, फरशी ओली.
मी लिहीत होते.
द्वारकाबाईच्या हातात चमचा तसाच.
‘बादली वाजवली असंन तिनं,’ ती म्हणाली.
‘मी झोपेल होती.’